घर आणि आरोग्य : कळशीच्या आतला बुळबुळीत थर

वाचकहो, आज आपण अगदी घरगुती गोष्टीपासून आरंभ करू. आपल्या घरी पिण्याच्या पाण्याची जी कळशी किंवा जो माठ असेल, तो रिकामा झाल्यावर त्यात हात घालून आतल्या बाजूवरून बोटे फिरवून पाहा. पाणी डोळ्यांना निर्मळ दिसत होते, घरात कोणी त्याविषयी तक्रारही केली नव्हती. तरीही बोटांना काहीतरी निसरडे, शेवाळासारखे लागते. आपल्या माताभगिनींना हा अनुभव नवीन नाही. पाणी भरून ठेवले की दोनतीन दिवसांत भांडे बुळबुळीत होते, हे त्या लहानपणापासून पाहत आल्या आहेत. परंतु हा थर कशाचा असतो, तो कोठून येतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

मला तो विचार करावयास लावला एका आजीबाईंनी.

काही दिवसांपूर्वी, उन्हाळ्याच्या अखेरीस, मी एका खेड्यात मुक्कामास होतो. त्या गावच्या वरल्या वाडीत मुलांना हगवण लागली होती. दोन लेकरांना तर तालुक्याच्या इस्पितळात न्यावे लागले. साहजिकच गाव अस्वस्थ झाले व संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. पाण्याच्या टाकीची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाने आपली वही सर्वांपुढे ठेवली. ब्लीचिंग पावडर, जिला पुष्कळ गावांत टीसीएल म्हणतात, ती त्याने नेमाने टाकीत घातली होती. आजार सुरू झाल्यापासून तर दुप्पट घातली होती. पाण्याला औषधाचा उग्र वास येत होता, यावरून त्याचे म्हणणे खरे होते हे उघड होते. मग आजार का थांबत नाही, याचे उत्तर कोणालाच सुचेना. तेव्हा ज्यांचा नातू इस्पितळात होता त्या आजीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "बाळा, औषध किती घातलंस ते सांगितलंस. टाकी घासली कधी, ते सांग की."

वहीत त्याची नोंद नव्हती. मागल्या वर्षी घासली होती, असे एक जण म्हणाला. नाही, त्याच्याही आधी, असे दुसरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी केली. झाकण बराच वेळ उघडे ठेवून आत वारा खेळू दिला, मग दोघे उतरले व एक जण वर लक्ष ठेवून उभा राहिला. तळाशी गाळ होता, पण खरे आश्चर्य भिंतींचे होते. हात टेकावा तेथे हात घसरत होता. खराट्याने खरवडले तेव्हा दुधावरच्या मळकट सायीसारखे पापुद्रे निघू लागले. ज्या भिंतींना आठवडेच्या आठवडे औषधाचे पाणी लागत होते, त्याच भिंतींवर हे सर्व सुखाने वाढले होते.

मुलांचा आजार केवळ त्या थरामुळेच झाला, असे मी म्हणणार नाही. वाडीकडे जाणारी नळी एके ठिकाणी गटाराच्या कडेने गेली होती व तेथे ती फुटलेली सापडली. त्याविषयी पुढे सांगतो. पण आजीबाईंच्या प्रश्नात जे शहाणपण होते ते मला मोलाचे वाटले, आणि आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचेच थोडे विस्तृत विवेचन आहे.

हा थर म्हणजे काय?

पाण्यात सूक्ष्म जीवाणू असतात, हे आपणांस ठाऊक आहे. ते पाण्यात एकेकटे तरंगत असतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः जीवाणूंना तरंगत राहण्यापेक्षा कशाला तरी चिकटून राहणे अधिक मानवते. वाहत्या पाण्यात अन्न थोडे असते. परंतु भिंतीला धरून बसले की पाणी आपोआप वाहत येते व अन्नाचे कण घेऊन येते. म्हणून नळीच्या, टाकीच्या किंवा कळशीच्या आतल्या बाजूस ते चिकटतात, आपल्या अंगातून डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात आणि त्या डिंकात राहून वाढू लागतात. इतर जातींचे जीवाणू येऊन त्यांत मिसळतात. हळूहळू एक वस्तीच तयार होते. तिच्यात पाणी खेळावे म्हणून बारीक वाटा राहतात, आणि थर जाड झाला की त्याचे तुकडे सुटून पाण्याबरोबर पुढे जातात व दुसरीकडे नवी वस्ती करतात. शास्त्रज्ञ या थरास बायोफिल्म म्हणतात. 1978 साली कॅनडातील संशोधक विल्यम कॉस्टरटन व त्यांचे सहकारी यांनी या विषयावर लिहिलेल्या लेखानंतर त्याकडे जगाचे विशेष लक्ष वेधले गेले.

नळयोजनेतील सर्व जीवाणूंपैकी सुमारे 95 टक्के जीवाणू वाहत्या पाण्यात नसून नळ्यांच्या भिंतींवर असतात, असा जाणकारांचा अंदाज आहे. म्हणजे आपण पेल्यात पाणी घेऊन त्याची परीक्षा करतो तेव्हा त्या वस्तीतले केवळ वाटसरू आपल्या हाती लागतात. गाव मागेच राहते. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण या वस्तीतले बहुतेक रहिवासी निरुपद्रवी असतात. जगातील कोणत्याही शहराच्या नळ्या या थरावाचून नाहीत. अडचण अशी की, हगवणीचे किंवा अन्य रोगांचे जंतू बाहेरून आत शिरले, तर त्यांनाही याच डिंकात आसरा मिळतो, आणि मग औषध त्यांच्यापर्यंत सहजी पोचत नाही.

शिरक्याची साक्ष

औषध का पोचत नाही, हे समजण्यासाठी आपणांस सुमारे साडेतीनशे वर्षे मागे जावे लागेल. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी आन्तोनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहत असे. स्वतः घासलेल्या लहानशा भिंगांतून तो हाती येईल ती वस्तू न्याहाळीत असे. 1683 च्या सप्टेंबर महिन्यात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीस एक पत्र लिहिले. आपल्या दातांवरचा पांढरा मळ काढून भिंगाखाली ठेवला असता त्यात असंख्य चिमुकले जीव वळवळताना दिसले, असे त्याने त्यात कळविले. पुढे त्याने एक साधा प्रयोग केला. कडक शिरका, म्हणजे आपल्या अनेकांच्या स्वयंपाकघरात असते ते व्हिनेगर, तोंडात घेऊन खळखळून चूळ भरली. तरीही दातांवरून काढलेल्या मळात जीव जिवंतच सापडले. मात्र तोच मळ खरवडून शिरक्यात कालवला, तेव्हा ते जीव तत्काळ मेले. त्यावरून त्याने जाणले की, शिरका थराच्या वरवरच्या जीवांनाच मारतो. आतवर त्याचा शिरकाव होत नाही.

वाचकहो, टाकीतल्या टीसीएलची गोष्ट हीच आहे. त्यातील क्लोरीन पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंना थोड्या वेळात मारतो, आणि त्याचे हे उपकार फार मोठे आहेत. त्याच्या योगे जगात लक्षावधी लोकांचा पटकी व विषमज्वर यांपासून बचाव झाला आहे. पण थराशी गाठ पडली की त्याची शक्ती वरच्या डिंकाशी झगडण्यातच खर्च होते आणि तळाशी बसलेल्यांपर्यंत तो पोचेपर्यंत क्षीण होतो. तरंगता जीवाणू ज्या मात्रेने मरतो, तिच्या शेकडो पट मात्राही थरातल्या जीवाणूस पुरी पडत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. इतके औषध घातल्यास ते पाणी माणसालाही पिता येणार नाही. म्हणून जे काम हाताने घासूनच व्हावयाचे, ते नुसत्या औषधावर सोपविता येत नाही. लेवेनहूकने आधी मळ खरवडला, मगच शिरक्याने काम केले.

थर तारकही असतो

मात्र या थरास सरसकट शत्रू मानणे अन्यायाचे होईल. 1892 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदरात पटकीची भयंकर साथ आली. काही आठवड्यांतच सुमारे 8,600 माणसे मृत्युमुखी पडली. हॅम्बुर्गला लागूनच अल्टोना नावाचे शहर होते. दोन्ही शहरे एल्ब नदीचेच पाणी पीत; इतकेच नव्हे, तर अल्टोनाचे पाणी हॅम्बुर्गची गटारे नदीस मिळाल्यानंतर खालच्या अंगास उचलले जाई. म्हणजे हानी अल्टोनाची अधिक व्हावयास हवी होती. घडले उलटेच. अल्टोनात मृत्यू फार थोडे झाले. शहरांच्या सीमेवरील रस्त्यावर तर एका बाजूच्या घरांत पटकी व समोरच्या बाजूस शांतता, असे दृश्य होते. नामवंत शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी चौकशी करून कारण दाखविले : हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळता पुरवीत होते, तर अल्टोना ते वाळूच्या कुंडांतून सावकाश गाळून देत होते.

या वाळूच्या कुंडात गाळण्याचे मुख्य काम वाळू करीत नाही. कुंड काही दिवस चालू राहिले की वाळूच्या पृष्ठभागावर जीवाणू, शेवाळ व सूक्ष्म प्राणी यांचा एक चिकट थर जमतो. जर्मन भाषेत त्यास घाणीचे पांघरूण अशा अर्थाचे नाव आहे. पण हे पांघरूणच पाण्यातल्या रोगजंतूंना अडवते व खाऊन टाकते. कळशीतल्या बुळबुळीचेच हे भावंड होय. फरक एवढाच की, येथे माणूस त्यावर नजर ठेवून असतो. पाणी तासाला हाताच्या पंज्याइतकेच, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर, खाली उतरू द्यावयाचे. थर फार जाड झाला की वरची वाळू काढावयाची. नवा थर जमेपर्यंत ते पाणी लोकांस द्यावयाचे नाही, असा नियम पाळावा लागतो. नियम मोडला की काय होते, तेही अल्टोनानेच पाहिले. पुढच्याच हिवाळ्यात, 1893 च्या आरंभी, तेथेही पटकीने डोके वर काढले. कडक थंडीत एक कुंड साफ करताना वाळूचा पृष्ठभाग गोठला व ते कुंड नीट गाळीनासे झाले होते. त्यानंतर कॉख यांनी असा दंडक सुचविला की, गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरात 100 हून अधिक जंतू असता कामा नयेत, आणि प्रत्येक कुंडाचे पाणी रोज तपासावे.

यावरून बोध असा की, थर चांगला की वाईट हे त्याच्या जातीवर नव्हे, तर आपल्या दक्षतेवर अवलंबून असते.

नळीतून घरापर्यंत

उगमाशी पाणी शुद्ध केले म्हणजे ते घरापर्यंत शुद्धच येते, हा भ्रम आहे. अमेरिकेतील फ्लिंट या शहराने 2014 च्या एप्रिलमध्ये खर्च वाचविण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला. नव्या नदीच्या पाण्यात गंजास आवर घालणारे द्रव्य घातले गेले नाही. जुन्या नळ्या गंजू लागल्या, शिसे पाण्यात उतरले, आणि गंजलेले लोखंड क्लोरीन गिळून टाकू लागले. क्लोरीन उरला नाही तेव्हा लेजिओनेला नावाच्या जंतूस रान मोकळे मिळाले. हा जंतू अशा थरांतच वाढतो व पाण्याचे तुषार श्वासावाटे आत गेल्यास फुफ्फुसाचा ज्वर आणतो. 2014 व 2015 या दोन वर्षांत तेथे त्या रोगाने 12 माणसे दगावली, आणि घटलेल्या क्लोरीनशी त्याचा संबंध असल्याचे संशोधकांनी पुढे दाखविले.

आपल्याकडे अडचण निराळी आहे. आपल्या बहुतेक गावांत व शहरांत पाणी ठराविक वेळीच येते. उरलेला वेळ नळ्या रिकाम्या असतात. सीमाभागातील वाचकांना आठवत असेल की, 2008 च्या सुमारास हुबळी-धारवाड, बेळगाव व कलबुर्गी येथील काही प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी हुबळी-धारवाड येथे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील एमिली कुंपेल व कारा नेल्सन यांनी दोन्ही प्रकारच्या नळांचे पाणी तपासून 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू पाण्यात सापडला, तर मैला मिसळल्याची ती खूण समजतात. जेथे पाणी काही दिवसांआड येई, तेथील शेकडा जवळजवळ 32 नमुन्यांत तो सापडला. जेथे पाणी अखंड वाहत होते, तेथे शेकडा एकही पुरता भरला नाही.

याचे कारण असे. नळीत पाण्याचा दाब असतो तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचे गटाराचे पाणी आत शोषले जाते. शिवाय पाणी जोराने आल्यावर आत बसलेला थर व गाळ सुटून येतो. म्हणून अशा नळाचे पहिले पाणी सर्वांत अशुद्ध असते. वरल्या वाडीतील फुटक्या नळीचे मर्म येथे आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, नळ आल्याबरोबर हंडा लावण्याची घाई करू नये. पहिली काही मिनिटे येणारे पाणी बादलीत घ्यावे व धुणे, अंगण किंवा झाडे यांसाठी वापरावे. थेंबही वाया जाणार नाही.

दुसरी गोष्ट शेजारधर्माची आहे. अनेक घरांतून नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढण्याची रीत पडली आहे. मोटार नुसते शेजाऱ्याचे पाणी ओढीत नाही. नळीतला दाब नाहीसा करून ती आसपासचे गटारही नळीत ओढते. ते पाणी आपल्याच लेकरांच्या पोटात जाते आणि शेजाऱ्यांच्याही. कायदा असो वा नसो, हे करू नये.

तिसरी गोष्ट भांड्याची. उरलेल्या पाण्यावर नवे पाणी ओतीत राहू नये. भांडे रिकामे करून, नारळाच्या काथ्याने आतून चांगले घासून, खळबळून, उन्हात पालथे घालावे. आपल्या आज्या चिंच व राख लावून रोज कळशी घाशीत, ती केवळ चकाकीसाठी नव्हे. प्लास्टिकच्या ज्या कॅनमध्ये हात जात नाही, त्यात पिण्याचे पाणी साठवू नये, कारण ते घासता येत नाही. हात जाईल इतके रुंद तोंड, घट्ट झाकण व खाली तोटी असलेले भांडे उत्तम. तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे; पेला बुडवू नये. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल, तर पाणी खळखळून उकळावे व घासलेल्या भांड्यातच ठेवावे.

चौथी गोष्ट गावाच्या टाकीची. वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, ती रिकामी करून घासावी. क्रम ध्यानात ठेवावा : आधी घासणे, मग धुऊन गाळ बाहेर काढणे, मग औषधाच्या पाण्याने धुणे आणि शेवटी भरणे. टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. पुष्कळ टाक्यांवर धुतल्याचा दिनांक लिहिण्यासाठी जागा आखलेली असते. ती कोरी असेल, तर ग्रामसभेत विचारणे हा आपला हक्क आहे.

पाचवी गोष्ट परीक्षेची. आपल्या देशाच्या 2012 च्या मानकानुसार पाण्यात लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. गावोगावी ओ. टी. चाचणीचे जे औषध असते, त्याचे थेंब टाकले असता पाणी पिवळसर झाल्यास क्लोरीन आहे असे समजावे. परंतु ही परीक्षा टाकीपाशी न करता शेवटच्या घराच्या नळावर करावी. टाकीपाशी रंग आला व शेवटच्या घरी आला नाही, तर वाटेत कोठेतरी क्लोरीन खर्ची पडत आहे. नळी फुटली तरी असेल किंवा थर जाड झाला असेल. अशा वेळी औषध वाढविण्यापूर्वी नळीची वाट पायी चालून पाहावी.

त्या गावी मी निघण्याच्या दिवशी पुन्हा टाकीकडे गेलो होतो. फुटका सांधा बदलला होता, आणि आजीबाईंचा नातू घरी परतला होता. टाकीच्या भिंतीवर नव्या रंगाने दिनांक लिहिला होता. त्या तरुणाने वही उघडून मला दाखविली. औषधाच्या रकान्याशेजारी त्याने पट्टीने एक नवा रकाना आखला होता आणि त्यावर लिहिले होते : "घासली".

प्रत्येक घरी अशी वही ठेवणे शक्य नाही व आवश्यकही नाही. शनिवारी संध्याकाळी, रविवारची तयारी करताना, कळशीत हात घालून बोटे फिरवावी एवढेच. बोटे घसरली, तर काय करावयाचे ते आता आपणांस ठाऊक आहे.